महाराष्ट्रातील प्लास्टिकबंदी

एकदा वापरून फेकून दिल्या जाणाऱ्या प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंचे उत्पादन, विक्री, वाहतूक, साठवण आणि वापर यांवर महाराष्ट्र शासनाने घातलेली बंदी. अधिसूचना २३ मार्च २०१८ रोजी निघाली, माल निकालात काढायला तीन महिने मिळाले आणि २३ जूनपासून प्रत्यक्ष दंड सुरू झाला. बंदीला आधार आहे तो अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणासाठी केलेल्या २००६ च्या राज्य कायद्याचा.

तो कायदाही उगाच आला नव्हता. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि शहर पाण्याखाली गेले. मिठी नदीकाठची अतिक्रमणे, अरुंद झालेले नाले, समुद्राची भरती अशी कारणे पुढे अनेक सांगितली गेली. पण नाल्यांच्या तोंडाशी अडकलेल्या पिशव्या सर्वांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. त्यानंतर राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ पिशव्यांना मनाई केली. पिशवी जाड झाली की महाग होते, मग दुकानदार ती फुकट देत नाही, आणि कचरावेचकालाही ती वजनाला परवडते, असा त्यामागचा हिशेब. हिशेब बरोबर होता, पण पातळ पिशवी बाजारातून गेली नाही.

म्हणून २०१८ मध्ये जाडीचा प्रश्नच बाजूला ठेवून कॅरीबॅग सरसकट बंद करण्यात आल्या. सोबत प्लास्टिकची ताटे, पेले, चमचे, स्ट्रॉ आणि थर्माकोलची सजावटही गेली. दंड पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद. औषधांची वेष्टने, दुधाच्या जाड पिशव्या, रोपवाटिकांच्या पिशव्या यांना सूट होती. किराणा दुकानदारांनी ओरड केल्यावर किरकोळ मालाच्या वेष्टनालाही काही दिवसांतच सवलत मिळाली. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात थर्माकोलच्या मखराची अडचण झाली. मखर करणारे उच्च न्यायालयात गेले, पण त्यांना दिलासा मिळाला नाही. पुठ्ठा, कापड आणि कागदी फुले यांचे मखर त्यानंतर जास्त दिसू लागले. सजावटीच्या बाबतीत ही बंदी बऱ्यापैकी लागू पडली, असे म्हणता येते.

मंडईत मात्र ती अडखळते. आठवड्याची भाजी घ्यायला निघालेला माणूस घरून पिशवी नेतो. अडचण येते ती कामावरून परतताना घेतलेल्या पाच रुपयांच्या मिरच्या-कोथिंबिरीची, पाव किलो दह्याची, भिजवलेल्या मटकीची. ओला, सुटा आणि थोडका माल हीच कॅरीबॅगची खरी जागा. भाजीवालीने पिशवी नाही म्हटले, तर गिऱ्हाईक शेजारच्या पाटीकडे वळते, आणि दंड भरायची पाळी आली की तो तिच्या दिवसभराच्या कमाईहून मोठा असतो. पूर्वी हाच माल वाण्याकडून रद्दीच्या पुडीत, फुलपुडा पानात आणि दही घरच्या डब्यात येत असे. यातला डबा परत आणणे सर्वांत सोपे आहे, पण तो आठवणीने सोबत ठेवावा लागतो.

बंदीनंतर दुकानांतून एक नवी पिशवी आली. दिसायला कापडी, हाताला जरा खरखरीत, लाल-हिरव्या रंगांची, वर दुकानाचे नाव छापलेली. लोक तिला कापडीच म्हणतात. प्रत्यक्षात ती पॉलिप्रॉपिलीनचे तंतू उष्णतेने दाबून केलेली असते, म्हणजे प्लास्टिकच. तिचा धागा ओढून उसवता येत नाही आणि ज्योतीजवळ धरली तर राख न होता ती आक्रसते व वितळते. बराच काळ पडून राहिली की तिचा भुगा होऊ लागतो. २०२२ च्या अखेरीस राज्याने ठरावीक वजनाच्या वरच्या अशा पिशव्यांना परवानगी दिली, त्यामुळे हा घोळ वाढलाच.

दरम्यान केंद्रानेही १ जुलै २०२२ पासून देशभर एकल वापराच्या १९ वस्तूंवर बंदी आणली. त्यांत कान साफ करायच्या काड्यांपासून मिठाईच्या खोक्यावरच्या पातळ वेष्टनापर्यंत बऱ्याच गोष्टी येतात. देशात इतरत्र पिशवीची किमान जाडी ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. झेरॉक्सच्या साध्या कागदापेक्षा थोडी अधिक.

बंदीतून सुटलेल्या दुधाच्या पिशवीची गोष्ट निराळी आहे. तिच्यावर पन्नास पैसे परताव्याची तरतूद केली होती. ते मागायला दुकानात जाणारे सहसा कोणी दिसत नाही. पण त्याच्या कितीतरी आधीपासून घरोघरी ही पिशवी विसळून स्वयंपाकघराच्या फरशीवर चिकटवून वाळवली जाते आणि गठ्ठा झाला की रद्दीवाल्याला किलोवर विकली जाते. एकाच जातीचे स्वच्छ प्लास्टिक असल्याने तिला भाव आहे. वेफर्सच्या पुड्यात प्लास्टिकला धातूचा थर चिकटलेला असतो. तो वेगळा करणे परवडत नाही, म्हणून कचरावेचक त्याला हात लावत नाहीत. पुण्यात १९९३ मध्ये उभ्या राहिलेल्या त्यांच्या संघटनेचे नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. नावात प्लास्टिक नाही, आजच्या गोणीत मात्र ते भरपूर असते. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकला, तर तो नखाएवढा त्रिकोण कोणाच्याच गोणीत जात नाही, मोरीतून थेट गटारात जातो. कात्री अर्धवट चालवून कोपरा पिशवीलाच लटकत ठेवला की तोही तिच्याबरोबर रद्दीत जातो.