पऱ्हाटीचं फूल आणि शाळेतला टीव्ही

यवतमाळकडच्या एका दोनशिक्षकी शाळेत मागच्या बाकावर बसलो होतो. भिंतीवर लोकवर्गणीतून घेतलेला मोठा टीव्ही, आणि धूळ बसू नये म्हणून त्याला घरून शिवून आणलेलं फुलाफुलांचं कव्हर. कव्हर निघालं, परागीभवनाचा व्हिडिओ लागला. अकरा मिनिटांचा. मधमाशी माणसासारखी बोलत होती, मागे ढोलकी वाजत होती, खालून अक्षरं सरकत होती. सगळे पोट्टे चिडीचूप. संपल्यावर मॅडमनी विचारलं, "कसं वाटलं?"

"मस्त होतं जी!"

"मग सांगा, परागकण कुठून निघाले आन् कुठं गेले?"

कोणीच बोलेना. शेवटी मागून एक जण म्हणाला, "मधमाशी हासत होती मॅडम."

पोराचं काही चुकलं नव्हतं. त्याच्याजवळ जे उरलं होतं, ते त्याने सांगितलं.

नवी माहिती आपण आधी कार्यकारी स्मृतीत धरतो, आणि ही जागा फार लहान असते. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने तिच्यात एका वेळी मावणाऱ्या गोष्टींचा आकडा 'सात, दोन कमी किंवा दोन जास्त' असा मांडला. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो चारच्या आसपास आणला. कापूस वेचणाऱ्या बाईची ओटी आठवा. ओटी भरली की ढिगाजवळ जाऊन रिकामी करावी लागते. न थांबता वेचत राहिलं तर कापूस मातीत पडतो. पुस्तकाचं पान जागेवर थांबतं, डोळा हवा तेव्हा मागे जातो. व्हिडिओ मात्र पुढे पळतो आणि ओटी रिकामी करायला वेळच देत नाही.

त्यात ढोलकी. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं, की धड्याशी संबंध नसलेलं संगीत, गमतीची चित्रं, मजेदार किस्से काढून टाकले तर मुलांना विषय जास्त समजतो. बोललेलं वाक्य जसंच्या तसं पडद्यावरही उमटलं, तर डोळ्यांना चित्र सोडून अक्षरांमागे धावावं लागतं. इथे एक अपवाद आहे आणि तो विदर्भात फार मोलाचा आहे: ऐकू येणारी भाषा घरची नसेल, तर तीच अक्षरं मदतीला येतात. मेळघाटात घरी कोरकू किंवा भामरागडकडे माडिया बोलणाऱ्या लेकरासाठी खालची मराठी अक्षरं अडगळ ठरतीलच असं नाही. एकच व्हिडिओ वर्धेला एक तऱ्हेने दाखवावा लागेल, भामरागडला दुसऱ्या.

मग करायचं काय? रिमोटवरचं थांबवायचं बटण दाबायचं. दर दीड-दोन मिनिटांनी पडदा थांबवा, आतापर्यंत काय झालं ते आठवून आणि पुढे काय होईल ते वहीत लिहायला लावा. हे थांबणं नुसतं विश्रांतीसाठी नाही. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. मग काहींनी तोच पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र उलटं झालं. आठवून लिहिणाऱ्यांकडे ५६ टक्के उरलं, पुन्हा वाचणाऱ्यांकडे ४२. तपासणीला आलेले साहेब पाच मिनिटांनीच प्रश्न विचारतात, त्यामुळे त्यांना हा फरक कधी दिसत नाही. (त्यात त्यांचा दोष नाही, जीप खाली उभी असते.)

सगळ्यांची उत्तरं एकदम कळावीत म्हणून वर्गभर टॅबलेट लागत नाहीत. प्रत्येक मुलाला वेगळ्या चौकटींची नक्षी असलेलं एक छापील कार्ड द्यायचं. कार्डाची कोणती बाजू वर धरली, त्यावरून उत्तर ठरतं. शिक्षकाने आपला फोन वर्गावरून फिरवला की कोणाचं बरोबर, कोणाचं चूक ते कळतं. अख्ख्या वर्गाला एक फोन पुरतो. शेजाऱ्याचं कार्ड बघून नक्कलही करता येत नाही, हे पोरांना पहिल्याच दिवशी कळतं.

यंत्र नुसतं वाटून काय होतं, ते पेरूमध्ये दिसलं. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासात लॅपटॉप मिळालेल्या मुलांच्या गणितात आणि भाषेत काही फरक पडला नाही. दिल्लीत मात्र एका संगणकीय कार्यक्रमाने साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्ही ठळकपणे सुधारले. तो कार्यक्रम सहावीच्या मुलाला सहावीचं नव्हे, तो जिथे अडला होता तिथलं गणित देत होता, आणि जोडीला लहान गटात शिकवणारा माणूस होता.

वर्ध्याला हा विचार नवा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिकवायच्या गांधीजींच्या पद्धतीची, आखणी झाली. त्या वर्गातलं यंत्र म्हणजे टकळी. किती वेळात किती तार निघाले, ताशी किती पडले, याचंच गणित व्हायचं. पुढे पुष्कळ ठिकाणी ती नुसती सूतकताई उरली, हेही खरं. पण टकळीचा एक गुण मला भिंतीवरच्या टीव्हीत सापडत नाही: हात चुकला की सूत तिथल्या तिथे तुटतं, चूक सांगायला गुरुजी लागत नाहीत.

त्याच शाळेत नंतर पुन्हा गेलो, ऑगस्ट सरता सरता. व्हिडिओऐवजी मॅडमनी शाळेमागच्या पऱ्हाटीतल्या, म्हणजे कपाशीतल्या, एका पांढऱ्या फुलाला लाल दोरा बांधला आणि फोनने फोटो काढला. "उद्या हे कोणत्या रंगाचं असन?" बहुतेकांनी लिहिलं, पांढरं. पांढरी फुलं वेगळी आणि गुलाबी वेगळी, अशीच त्यांची समजूत. जन्मापासून पऱ्हाटीत वावरलेली पोरं, पण एकाच फुलाच्या मागे सलग दोन दिवस कोणी राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी झालं, मग सुकलं, गळलं, आणि खाली इवलंसं बोंड दिसलं. तेव्हा मॅडमनी व्हिडिओ लावला, त्यातली परागकणांची फक्त दोन मिनिटं, तीही आवाज बंद करून. बोलायचं पोरांनी.

बोंड फुटायला फुलापासून साधारण ५० दिवस लागतात, म्हणून फोटो रोज चालू राहिले. आता ते सगळे भिंतीवर ओळीने चिकटवलेत. मध्ये दोन दिवस लाईन नव्हती, फोन बंद पडला होता. त्या दोन जागी वहीतून फाडलेली पेन्सिलची चित्रं आहेत, आणि एकात बोंडावर बसलेली अळी काढली आहे, ती आधीच्या आणि नंतरच्या एकाही फोटोत नाही.