मोगली एरंड माळावर जगतो, तेल मात्र पाण्यावरच देतो

मोगली एरंड, म्हणजेच जट्रोफा, खडकाळ माळावर पाण्याविना वाढतो, म्हणून त्याच्या बियांच्या तेलापासून बनणारं बायोडिझेल (डिझेलला पर्यायी इंधन) निसर्गाला अजिबात भार देत नाही, ही समजूत वीस वर्षांहून अधिक काळ फिरते आहे. यातला पहिला भाग बराचसा खरा आहे, गोंधळ पुढे होतो.

झाड जगणं वेगळं आणि त्याला भरपूर बी धरणं वेगळं. हलक्या, कोरड्या जमिनीत हे झुडूप तग धरतं, पण बी तुटपुंजं येतं. चांगलं उत्पादन हवं तर पाणी आणि खत लागतंच. नत्रखतातून नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडहून कितीतरी तीव्र हरितगृह वायू आहे. तेलाचं बायोडिझेल करायला मिथेनॉल लागतं, तेही बहुधा नैसर्गिक वायूपासूनच बनतं. पेंड विषारी असल्याने गुरांना घालता येत नाही.

आणि ज्या ‘पडीक’ जमिनीवर हा लावायचा म्हणतात, ती नेमकी कोणाची? सरकारी कागदावर पडीक दिसणारी जमीन गावात अनेकदा गायरान असते. शेळ्या तिथेच चरतात, सरपणही तिथूनच येतं. मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

२००९च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०१७पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. २०१८च्या धोरणात बायोडिझेलसाठी ते २०३०पर्यंत ५ टक्के झालं. वापरलेल्या खाद्यतेलापासूनचं बायोडिझेल त्यामानाने खरोखर बरं, कारण त्यासाठी वेगळी जमीन लागत नाही.