आउटपुट ट्रान्सफॉर्मरविरहित व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर (ओटीएल)

निर्वात नलिकांवर, म्हणजे रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या भाषेत व्हॉल्व्हवर चालणारा आणि मध्ये ट्रान्सफॉर्मर न घालता लाउडस्पीकरला जोडला जाणारा ध्वनिवर्धक. 'ओटीएल' या आद्याक्षरांनीच तो जास्त ओळखला जातो. नावामुळे एक गैरसमज होतो. यात गाळलेला असतो तो फक्त आउटपुटचा ट्रान्सफॉर्मर. मेन्सचा असतोच, आणि तो नेहमीपेक्षा मोठा व जड असतो.

व्हॉल्व्हला व्होल्ट भरपूर लागतात आणि तो करंट थोडा देतो. स्पीकरचे नेमके उलट आहे: त्याला थोडे व्होल्ट आणि भरपूर करंट हवा. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये २५ वॅट घालायचे तर शिखरावर २० व्होल्ट आणि २.५ अँपिअर लागतात. एरवी ही सोयरीक आउटपुट ट्रान्सफॉर्मर जमवतो. ५,००० ओहमच्या प्रायमरीपासून (व्हॉल्व्हकडच्या वेढ्यांपासून) ८ ओहमपर्यंत उतरायचे तर वेढ्यांचे प्रमाण २५ ला १ येते. स्पीकरकडचे २.५ अँपिअर व्हॉल्व्हच्या बाजूला फक्त १०० मिलिअँपिअर होतात, आणि तेवढे दोन साधे पॉवर व्हॉल्व्ह आरामात देतात.

मग असा गुणी घटक काढायचा कशाला? कारण तो सरळमार्गी नाही. खर्जात प्रायमरीचे इंडक्टन्स कमी पडते आणि गाभा संपृक्त होतो. तार सप्तकाच्या वर वेढ्यांमधली गळती आणि कपॅसिटन्स आडवे येतात. दोन्ही टोकांना फेज (लाटेची वेळ) सरकते, त्यामुळे निगेटिव्ह फीडबॅक (दोष कमी करण्यासाठी आउटपुटचा काही भाग उलटा करून इनपुटला परत देणे) जास्त दिला की ॲम्प्लिफायर स्वतःच शिट्टी मारू लागतो. १९४७ मध्ये ब्रिटनचे अभियंते विल्यमसन यांनी मांडलेल्या प्रसिद्ध रचनेत सुमारे २० डेसिबल फीडबॅक होता. तो पेलण्यासाठी आउटपुट ट्रान्सफॉर्मर थर देऊन फार काटेकोर गुंडाळावा लागे. तो सामान्य दर्जाचा घातला की सगळ्या रचनेचा मुद्दाच जाई.

ट्रान्सफॉर्मर काढल्यावर हे दोष जातात, पण त्याचे काम शिल्लक राहते. ते व्हॉल्व्हच्या संख्येने भरून काढावे लागते. त्यासाठी जे व्हॉल्व्ह वापरतात ते मुळात संगीतासाठी बनलेलेच नव्हते. ६एएस७-जी आणि तिचे औद्योगिक भावंड ६०८० हे पॉवर सप्लायमध्ये व्होल्टेज स्थिर ठेवण्यासाठी काढलेले दुहेरी ट्रायोड, म्हणजे एकाच काचेत दोन. ट्रायोडमध्ये तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो, प्लेट ते गोळा करते आणि मधली ग्रिड त्यांना आवर घालते. प्रत्येक अर्ध्याचा प्लेट रेझिस्टन्स (करंटला आतून होणारा अडथळा) सुमारे २८० ओहम, वर्धनांक (ग्रिडवरचा सिग्नल किती पट वाढू शकतो तो आकडा) जेमतेम २. रशियन ६सी३३सी हाही त्याच कामाचा, पण अंगापिंडाने दांडगा: प्लेटवर ६० वॅट उष्णता सोसणारा आणि सुमारे १०० ओहम रेझिस्टन्सचा. तिसरे घराणे टीव्हीतले. पडद्यावरचा किरण आडवा फिरवणारे पीएल५०४, पीएल५०९ हे पेंटोड (पाच इलेक्ट्रोडांचे व्हॉल्व्ह) क्षणभर अँपिअरच्या घरात करंट सोडू शकतात. पीएल मालिकेचे हीटर (कॅथोड तापवणाऱ्या तारा) ३०० मिलिअँपिअरवर एका माळेत चालण्यासाठी बनलेले, पीएल५०९ चा तर ४० व्होल्टचा. त्यामुळे सहांची माळ केली की बेरीज २४० व्होल्ट होते. हीटरसाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर वाचवण्याचा मोह काही हौशी कारागिरांना तिथेच होतो. त्यांनी तो आवरलेला बरा, कारण मग हीटरची सगळी माळ थेट मेन्सला बांधली जाते.

सर्वांत सोपी मांडणी म्हणजे दोन व्हॉल्व्ह एकावर एक. वरच्याचा कॅथोड खालच्याच्या प्लेटला जोडायचा आणि त्या सांध्यातून आउटपुट घ्यायचे. जनरल रेडिओ या अमेरिकन कंपनीचे पीटरसन आणि सिंक्लेअर यांनी १९५२ मध्ये या 'सिंगल-एंडेड पुश-पुल' रचनेवर निबंध प्रसिद्ध केला. कागदावर ती दिसते सममित, पण तशी नसते. खालच्या व्हॉल्व्हचा कॅथोड जागच्या जागी स्थिर. वरच्याचा कॅथोड म्हणजेच आउटपुट, आणि तो संगीताबरोबर वरखाली होतो. त्यामुळे दोघांच्या ग्रिडला सारखाच सिग्नल दिला तरी वरच्याच्या वाट्याला कमी येतो. त्याला आउटपुटइतका जास्तीचा सिग्नल पुरवला नाही तर लाटेचा एक अर्धा भाग बुटका राहतो.

न्यूयॉर्कचे ज्युलियस फटरमन यांचे नाव या क्षेत्रात टिकले ते या गाठीमुळे. त्यांनी फेज स्प्लिटरचा (सिग्नलच्या परस्परविरुद्ध दोन प्रती करणाऱ्या टप्प्याचा) संदर्भ जमिनीऐवजी, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टऐवजी, आउटपुटशी बांधला. आउटपुट हलले की त्याच्याबरोबर ड्राइव्हही (ग्रिडला दिलेला सिग्नल) हलते आणि वरच्या-खालच्या व्हॉल्व्हला सारखाच वाटा मिळतो. वरून भरपूर फीडबॅक. त्यांना १९५६ मध्ये पेटंट मिळाले. स्पीकरच्या वाटेत त्यांनी डीसी अडवणारा मोठा कंडेन्सर ठेवला होता आणि त्यावरून शुद्धतावादी आजही नाक मुरडतात. माझ्या मते तो शहाणपणाचा होता, पण त्याकडे पुढे येऊ.

दुसरी वाट 'सर्क्लोट्रॉन'ची. अमेरिकेत सेसिल हॉल आणि आल्फा विगिन्स, फिनलंडमध्ये टापिओ क्योक्क्या, असे तिघे १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात या रचनेपर्यंत पोचले. यात पॉवर सप्लाय दोन आणि दोन्ही जमिनीपासून सुटे, तरंगते. एका व्हॉल्व्हची प्लेट आपल्या सप्लायमधून दुसऱ्याच्या कॅथोडला जाते, दुसऱ्याची पहिल्याच्या, आणि स्पीकर दोन कॅथोडांच्या मध्ये. आकृती चौकोनात मांडली की डावे-उजवे अगदी आरशासारखे दिसते. वरचा-खालचा असा भेदच उरत नाही. विगिन्स यांच्या इलेक्ट्रो-व्हॉइस कंपनीने हे ॲम्प्लिफायर विकले तेव्हा त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर होताच, फक्त त्याचे काम हलके झाले होते. तो पूर्ण काढून सर्क्लोट्रॉनला ओटीएल म्हणून नाव मिळवून दिले ते बऱ्याच नंतर अमेरिकेतल्या ॲटमा-स्फिअर या छोट्या कंपनीने. स्टिरिओसाठी चार सुटे सप्लाय लागतात, ही त्याची किंमत.

आता खर्चाचा हिशेब. एका चॅनेलला आठ ६एएस७-जी, म्हणजे सोळा ट्रायोड, प्रत्येक बाजूला आठ. प्रत्येकाच्या वाट्याला शिखरावर सुमारे ०.३ अँपिअर येतो, तो झेपतो. सप्लाय अधिक-उणे १५० व्होल्ट. स्पीकरला हवेत २० व्होल्ट, उरलेले १३० व्हॉल्व्हवरच पडतात आणि उष्णता होऊन जातात. २५ वॅटच्या सलग स्वरासाठी सप्लायमधून सुमारे २४० वॅट ओढले जातात. हीटरचे वेगळे: ६.३ व्होल्ट गुणिले २.५ अँपिअर, गुणिले आठ, म्हणजे १२६ वॅट. हे गाणे सुरू नसतानाही चालूच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण इथे आकड्यानिशी खरी ठरते. थंड देशात अशा ॲम्प्लिफायरजवळ बसणे सुखाचे असेल. मे महिन्यात मुंबईच्या बंद खोलीत दोन चॅनेलचे सोळा व्हॉल्व्ह पेटवून भैरवी ऐकायला वेगळी निष्ठा लागते.

आउटपुटचा स्वतःचा इंपीडन्सही (एसीला होणारा अडथळा) हिशेबात धरावा लागतो. कॅथोड फॉलोअर म्हणून (आउटपुट कॅथोडवरून घेतले तर) ६एएस७-जीच्या एका अर्ध्याचा तो सुमारे ९३ ओहम येतो. आठ समांतर जोडले की साधारण १२, दोन्ही बाजू एकदम चालत असतील तर ६. फीडबॅकशिवाय हा आकडा स्पीकरच्या बरोबरीचा आहे. म्हणजे स्पीकरच्या खर्जाच्या शंकूवर (कोनवर) लगाम जवळजवळ नाही. स्पीकरचा इंपीडन्स जिथे चढतो तिथे आवाज फुगतो, पडतो तिथे दबतो. म्हणून ओटीएलची कीर्ती स्पीकर पाहून बदलते. १६ ओहमच्या जुन्या स्पीकरवर तो खुलतो. १९५७ च्या क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिकबरोबर त्याची जोडी नावाजली गेली, कारण मधल्या आणि खालच्या पट्टीत त्या स्पीकरचा इंपीडन्स बराच वर असतो. ४ ओहमच्या आधुनिक स्पीकरवर तोच ॲम्प्लिफायर धापा टाकतो. यावर काहीजण ॲम्प्लिफायर आणि स्पीकरच्या मध्ये ऑटोट्रान्सफॉर्मर बसवतात. ट्रान्सफॉर्मरला पुढच्या दाराने घालवून मागच्या दाराने आत घेण्याचाच हा प्रकार, पण त्याचे प्रमाण २५ ला १ नसून २ ला १ च्या आसपास असते, म्हणून दोषही थोडे.

थेट जोडणीत खरी धास्ती डीसीची. कंडेन्सर नसेल तर दोन बाजूंचे करंट तंतोतंत जुळले तरच स्पीकरच्या टोकांवर शून्य येते. स्पीकर काढून तिथे ८ ओहमचा जाड वायरवाउंड रेझिस्टर लावायचा, मीटर मिलिव्होल्टवर ठेवायचा आणि बायसचा (ग्रिडच्या स्थिर व्होल्टेजचा) प्रीसेट स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवायचा. काटा शून्यावर येतो आणि लगेच सरकू लागतो, कारण काच अजून तापतेच आहे. अर्ध्या तासाने पुन्हा लावायचा. तेवढ्यात शेजारचा पंप सुरू होऊन मेन्स दहा व्होल्टने खाली जातो आणि काटा पुन्हा हलतो. शे-पन्नास मिलिव्होल्टचे भय नाही. भय आहे ते व्हॉल्व्ह आतून शॉर्ट होण्याचे. मग १५० व्होल्ट सरळ व्हॉइस कॉइलवर (स्पीकरच्या शंकूला चिकटलेल्या तारेच्या गुंडाळीवर) येतात. ८ ओहमच्या स्पीकरमधल्या त्या तारेचा डीसी रेझिस्टन्स सुमारे ६ ओहम, म्हणून तिच्यातून कागदोपत्री २५ अँपिअर, आणि सप्लायच्या १०,००० मायक्रोफॅरडमध्ये साठलेले शंभरावर ज्यूल. म्हणून प्रत्येक कॅथोडला छोटा रेझिस्टर, प्रत्येक सप्लायला फ्यूज आणि आउटपुटला रिले. फटरमन यांचा कंडेन्सर ही सगळी धास्ती एका घटकात मिटवतो. ८ ओहमला २० हर्ट्झवर ३ डेसिबलची घट चालत असेल तर १,००० मायक्रोफॅरड लागतो, ५ हर्ट्झपर्यंत उतरायचे तर ४,०००.

याच प्रश्नाचे सर्वांत समजूतदार उत्तर मात्र फिलिप्सने दिले होते, तेही घरगुती रेडिओत. १९५० च्या दशकात त्यांनी व्हॉल्व्ह वाकवण्याऐवजी स्पीकर बदलला: व्हॉइस कॉइलच ८०० ओहमची केली आणि कमी प्लेट व्होल्टेजवर जास्त करंट देणारे दोन ईएल८६ एकावर एक ठेवले. ५ वॅटला ८ ओहमवर १.१ अँपिअरचे शिखर लागते, तेच ८०० ओहमवर ११० मिलिअँपिअर. कंडेन्सर १,००० ऐवजी १० मायक्रोफॅरडचा पुरतो. समांतर व्हॉल्व्हची पलटण नको की उष्णतेची भट्टी नको. अडचण एकच: एवढ्या ओहमसाठी कॉइलची तार केसासारखी बारीक गुंडाळावी लागते आणि ती एकदा तुटली की तसा दुसरा स्पीकर बाजारात मिळत नाही. अशा संचांची दुरुस्ती करणारे मग आत साधा ८ ओहमचा स्पीकर आणि एक छोटा आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसवून देतात.

अमेरिकेचे डेव्हिड बर्निंग यांनी १९९७ च्या पेटंटमध्ये आणखी वेगळा मार्ग काढला. त्यात ध्वनीचा सिग्नल रेडिओ वारंवारतेच्या कन्व्हर्टरमधून नेऊन इंपीडन्स उतरवला जातो. ट्रान्सफॉर्मर आहे, पण तो कन्व्हर्टरच्या वारंवारतेवर चालतो, ध्वनीच्या नाही. याला ओटीएल म्हणावे का, यावर वाद घालायला जागा आहे.

आज ओटीएल सर्वांत जास्त बनतो तो हेडफोनसाठी. ३०० ओहमचा हेडफोन असेल तर ६०८० ची एकच बाटली दोन्ही कानांना पुरते, अर्धा भाग डावीकडे आणि अर्धा उजवीकडे. मिलिवॅटमध्ये काम भागते आणि १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ५ हर्ट्झच्या आसपासपर्यंत सिग्नल सोडतो. ३२ ओहमचा हेडफोन त्याच भोकात खुपसला की खर्ज ५० हर्ट्झपासूनच घसरू लागतो.