जनरेटर सुरू होत नाहीये? फोन करायच्या आधी एवढं बघून घ्या

इंदूरला आता पूर्वीसारखी तासन्‌तास लाइट जात नाही, चांगलीच गोष्ट आहे, पण त्यामुळे होतं काय की घरातला जनरेटर जिन्याखाली सहा-सहा महिने पडून राहतो आणि मग जूनमध्ये पहिलं वादळ येतं, लाइट जाते, आणि दोरी ओढून ओढून खांदा दुखायला लागला तरी मशीन काही घेत नाही. त्या आठवड्यात रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, सगळीकडून आम्हाला एकच फोन येतो, "दादा, मशीन बिघडलं". खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ते बिघडलेलं नसतं, आतलं पेट्रोल शिळं झालेलं असतं. तुमचे व्हिजिटचे पैसे वाचावेत आणि अंधारात बसावं लागू नये म्हणून हे पत्रक काढलंय. हे घरगुती पेट्रोल जनरेटरसाठी आहे, १ ते ३ केव्हीएवाले (केव्हीए म्हणजे मशीनची ताकद). डिझेल सेट असेल तर स्वतः उघडू नका, आम्हाला बोलवा.

आधी साध्या गोष्टी. इंजिनचा स्विच ऑन आहे ना, पेट्रोलचा कॉक उघडलाय ना, घराचा लोड, म्हणजे मशीनवर चालणारे दिवे-पंखे, बंद आहे ना. मशीन थंड असेल तर चोक (इंजिनची हवा कमी करणारा खटका) ओढा, सुरू झालं की हळूहळू परत आत करा. आत्ताच चालून बंद झालेलं गरम मशीन असेल तर चोक नको. बटणाने सुरू होणारं सेल्फवालं असेल आणि नुसतं कट-कट वाजत असेल तर बॅटरी बघा, मीटरवर १२.४ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर चार्ज करा, तोपर्यंत दोरीने सुरू करा.

मग ऑइल. बऱ्याच मशीनमध्ये ऑइल कमी झालं की करंट तोडणारा सेन्सर असतो, म्हणजे पेट्रोल आहे, प्लग नवा आहे, तरी ठिणगीच पडत नाही. रामबागेत एका काकूंकडे आम्ही पाऊण तास प्लग, कॉइल, सगळं तपासत बसलो आणि शेवटी लक्षात आलं की अंगणाला पाणी वाहून जायला उतार दिलाय आणि मशीन त्या उतारावर तिरकं उभं आहे, ऑइल एका बाजूला गेलेलं, सेन्सरला वाटतंय की ऑइल संपलं. सपाट ओट्यावर ठेवलं आणि दुसऱ्या ओढीत सुरू झालं. म्हणून आधी मशीन सपाट जागेवर ठेवा, डिपस्टिक पुसून परत घालून लेव्हल बघा, कमी असेल तर मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच ऑइल टाका, साधारण १०डब्ल्यू-३० लागतं. लेव्हलच्या वर भरू नका.

आता मुख्य मुद्दा, पेट्रोल. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी दोन महिने ठेवली की त्यात पाणी जमत जातं, आणि जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि कार्बोरेटरकडे (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) जाणारं पेट्रोल तर तळातूनच जातं. शिवाय कार्बोरेटरच्या वाटीत जे थोडं पेट्रोल राहतं ते उडून जातं आणि मागे चिकट राळेसारखा थर उरतो, तो मेन जेटचं, म्हणजे जिथून पेट्रोल इंजिनकडे जातं ते, सुईएवढं भोक बुजवून टाकतो.

हे घरीच बघता येतं. मोकळ्या हवेत, जवळ गॅस, उदबत्ती, विडी काहीही नको. कार्बोरेटरच्या वाटीच्या खाली एक छोटा ड्रेन स्क्रू असतो, त्याखाली काचेची बरणी धरा, कॉक उघडा आणि स्क्रू थोडा सैल करा. चांगलं पेट्रोल अखंड धारेने येतं. चहासारखा रंग, आंबूस वार्निशसारखा वास किंवा बरणीच्या तळाशी पाण्याचे गोळे दिसले तर टाकी आणि वाटी दोन्ही रिकामी करून ताजं पेट्रोल भरा. नुसतं वरून ताजं ओतून काही होत नाही. थेंब-थेंब येत असेल तर टाकीचं झाकण सैल करून बघा, लगेच धार सुरू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. तरीही थेंबच, तर कॉकची जाळी भरलीये. बंद डब्यासारखं सायलेंट मशीन असेल तर हे सगळं कव्हरच्या आत असतं, ते आमच्याकडेच आणा.

जुनं केरोसीनवर चालणारं मशीन अजून काही घरांत आहे. ते सुरू पेट्रोलवर करायचं असतं आणि बंद करायच्या आधीही पाच मिनिटं पेट्रोलवर चालवायचं असतं, नाहीतर वाटीत केरोसीन राहतं आणि पुढच्या वेळी थंड मशीन घेतच नाही.

पेट्रोल येतंय तर प्लग काढा. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे जास्त चोक देऊन फ्लड झालंय, म्हणजे आत गरजेपेक्षा जास्त पेट्रोल गेलंय, प्लग पुसून वाळवा, स्विच बंद, कॉक बंद, प्लगशिवाय चार-पाच वेळा दोरी ओढा (भोकासमोर तोंड नको), दहा मिनिटं थांबा आणि चोक न देता ओढा. कोरडा ठणठणीत असेल तर वाटीतून पुढे इंजिनपर्यंत पेट्रोल पोहोचतच नाहीये. काळा काजळलेला असेल तर एअर फिल्टरही बघा, स्पंज साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून लावा. प्लगच्या टोकांमधली गॅप ०.७ ते ०.८ मिमी. ठिणगी पडते का हे घरी बघू नका, बाजूला पेट्रोलची वाफ असते, तेवढं आम्हाला करू द्या.

दोरी ओढलीच जात नसेल तर जोर लावू नका. गाडीत आडवं टाकून आणलेल्या मशीनमध्ये ऑइल सिलिंडरमध्ये शिरतं, दोरी तशीच ओढली तर आतला रॉड वाकू शकतो.

आणि दोन गोष्टी हात जोडून सांगतो. पाऊस आहे म्हणून मशीन ओसरीत, बंद गॅलरीत किंवा जिन्याखाली चालवू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. दारं-खिडक्यांपासून निदान २० फूट लांब ठेवा. आणि जनरेटरची वायर भिंतीच्या सॉकेटमध्ये उलटी घालू नका, तो करंट मीटरमधून बाहेर लाइनवर जातो आणि खांबावर चढलेल्या लाइनमनला लागतो. चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) बसवून घ्या, आम्ही बसवून देतो.

लाइट जावो न जावो, महिन्यातून एकदा १५ मिनिटं थोडा लोड देऊन चालवा. जास्त दिवस ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा आणि वाटीतलं पेट्रोल संपून मशीन आपोआप बंद होईपर्यंत चालू ठेवा. दुकानात आणताना टाकी रिकामी करून, उभंच आणा. गणपतीत मंडळांच्या मशीनची आणि अनंत चतुर्दशीला झांक्यांच्या (मिरवणुकीतल्या देखाव्यांच्या) कामाची खूप गर्दी असते, तेव्हा घरचं मशीन श्रावणातच आणलंत तर दुसऱ्या दिवशी परत देता येईल.