फी वेगळी, किमान मर्यादा वेगळी: बिटकॉइनची छोटी रक्कम नेमकी कुठे अडते

गेल्या महिन्यात अमळनेरहून भाचा आला. चहा ठेवायच्या आधीच त्याने फोन पुढे केला, "मामा, हाई काय शे?" बिटकॉइन, म्हणजे इंटरनेटवरचं डिजिटल चलन, ठेवणाऱ्या एका कंपनीचं अॅप उघडं होतं. स्क्रीनवर तीन आकडे होते. शिल्लक ०.०००१८ बिटकॉइन. काढण्याची फी ०.००००५. आणि खाली लाल अक्षरांत, काढण्याची किमान रक्कम ०.०००५. त्याचं गणित सरळ होतं: "अठरातून पाच कापले तरी तेरा उरतात ना? मी फी द्यायला तयार आहे, मग हे नाही का म्हणतं?"

हा प्रश्न मला आजवर बऱ्याच जणांनी विचारला आहे आणि प्रत्येक वेळी घोळ तोच असतो. फी आणि किमान मर्यादा या दोन गोष्टी एकाच खात्यात टाकल्या जातात. फी म्हणजे व्यवहार झाला तर खिशातून जाणारा पैसा. मर्यादा ही अट आहे, तिच्यात तुमचा छदामही जात नाही, पण ती पूर्ण झाल्याशिवाय व्यवहार सुरूच होत नाही. भाच्याचे अठरा जागच्या जागी होते. पन्नास होईपर्यंत दार बंद होतं, एवढंच.

आधी फी पाहू, कारण मर्यादा तिच्यातूनच जन्मते.

रावेर-यावलकडे ज्यांची केळी आहे त्यांना हे लगेच कळेल. दिल्लीला जाणाऱ्या ट्रकचं भाडं केळीच्या भावावर ठरत नाही. भाव चढा असो की पडलेला, ट्रकमध्ये जागा तेवढीच लागते आणि डिझेल तेवढंच जळतं. बिटकॉइनची फीसुद्धा रकमेवर लागत नाही, जागेवर लागते. साधारण दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा, तयार होतो आणि त्यात सुमारे १० लाख व्हर्च्युअल बाइटएवढीच जागा असते (जागा मोजायचं हे माप, पुढे नुसतं बाइट म्हणतो). तुमचा व्यवहार त्यातली किती जागा खातो, त्यावर भाडं. एक कोटी रुपये पाठवा किंवा शंभर, व्यवहाराची घडण सारखी असेल तर फी सारखीच. म्हणूनच मोठ्या रकमेवर ती जाणवत नाही आणि छोट्या रकमेला बोचते.

भाड्याचा दर सातोशीत सांगतात. एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी होतात. दर गर्दीप्रमाणे हलतो. २० एप्रिल २०२४ ला बिटकॉइनचं हाव्हिंग झालं, म्हणजे प्रत्येक ब्लॉकमागे नव्याने मिळणारे बिटकॉइन निम्मे झाले, त्याच ब्लॉकपासून रून्स नावाचे टोकन सुरू झाले आणि जागेसाठी अशी झुंबड उडाली की त्या दिवशी सरासरी फी १०० डॉलरच्या वर गेली. पुढे गर्दी ओसरली तसा दर पुन्हा खाली आला. दोन्ही वेळी व्यवहार पाठवणाऱ्याची रक्कम किती होती, हे नेटवर्कने विचारलं नाही.

आता ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त माणसं फसतात ती. भाच्याकडे त्या अॅपशिवाय फोनमध्ये स्वतःचं एक वॉलेटही होतं. गेम आणि फुकट सातोशी वाटणाऱ्या साइटवरून तिथे वीस वेळा थोडे थोडे पैसे आले होते, प्रत्येक वेळी साधारण १,००० सातोशी. वॉलेट २०,००० ची एकच बेरीज दाखवत होतं. पण साखळीवर, म्हणजे ब्लॉकमागे ब्लॉक जोडून बनलेल्या बिटकॉइनच्या नोंदवहीत, ती एक रक्कम नसते. आलेला प्रत्येक तुकडा वेगळा पडून असतो. वीस जणांनी दिलेल्या वीस नोटा खिशात आहेत असं समजा. खर्च करताना प्रत्येक नोट वेगळी दाखवावी लागते आणि प्रत्येकीची सही वेगळी. नव्या पद्धतीच्या पत्त्यावरचा (पत्ता म्हणजे खाते क्रमांकासारखी खूण, जिच्यावर बिटकॉइन येतात) एक तुकडा खर्च करायला सुमारे ६८ बाइट जागा लागते. वीस तुकडे म्हणजे १,३६०, वर इतर किरकोळ जागा धरून १,४०० च्या आसपास. दर बाइटला १० सातोशी असेल तर फी १४,००० सातोशी. हातात उरले सहा हजार! हेच वीस हजार एकाच तुकड्यात असते तर व्यवहार ११० बाइटमध्ये बसला असता आणि फी अकराशेच्या घरात राहिली असती. भाच्याचं तोंड उतरलं, आणि मला त्याचं वाईट वाटलं, कारण महिनोन्महिने जाहिराती बघून त्याने ते जमवले होते.

इथेच मर्यादेचा उगम आहे. केळीचा भाव इतका पडतो की कापणी आणि वाहतूक वजा जाता शेतकऱ्याच्या हाती काही राहत नाही, तेव्हा घड झाडावरच पिकून जातात. माल खरा असतो, पण तो हलवणं परवडत नाही. बिटकॉइनमध्ये अशा तुकड्याला डस्ट, म्हणजे धूळ म्हणतात. तो खर्च करायला लागणारी फी त्याच्या किमतीएवढी किंवा जास्त असते. नेटवर्क चालवणाऱ्या बिटकॉइन कोअर या सॉफ्टवेअरमध्ये ही सीमा हिशोबाने ठरवली आहे. जुन्या पद्धतीच्या पत्त्यावर ३४ बाइट तुकडा तयार करायला, १४८ बाइट पुढे तो खर्चायला, मिळून १८२. दर बाइटला ३ सातोशी धरले की ५४६. नव्या पत्त्यांना जागा कमी लागते म्हणून तिथे २९४. याहून छोटा तुकडा तयार करणारा व्यवहार बहुतेक नोड, म्हणजे नेटवर्कमधले संगणक, पुढे सरकवतच नाहीत. हा साखळीचा मूळ कायदा नाही, नोड चालवणाऱ्यांनी पाळायचं धोरण आहे. पण ते नसतं तर कोणीही लाखो निरुपयोगी तुकडे सोडले असते आणि प्रत्येक नोडला ते कायम सांभाळत बसावं लागलं असतं. मला तरी हा नियम रास्त वाटतो.

मग भाच्याच्या स्क्रीनवरचे ०.०००५ कुठून आले? तेवढे म्हणजे ५०,००० सातोशी, ५४६ च्या कितीतरी पट. ती मर्यादा नेटवर्कची नव्हती, अॅपवाल्या कंपनीची होती. तिथली ०.००००५ फीसुद्धा कंपनीनेच ठरवलेली. कंपन्या बऱ्याचदा अनेक ग्राहकांचे पैसे एकाच व्यवहारात पाठवतात, त्यामुळे त्यांचा खर्च विभागला जातो आणि ग्राहकाकडून मात्र ठरलेली रक्कम घेतली जाते. किमान मर्यादा किती ठेवायची हेही त्यांच्याच हातात. म्हणून एखाद्या ठिकाणी पैसे टाकण्याआधी काढण्याची किमान रक्कम आणि फी, दोन्ही वाचा. जमा करण्याची किमान रक्कमही वेगळी असते. त्याहून कमी पाठवलं तर साखळीवर व्यवहार पूर्ण होतो, फी जाते, तरी काही ठिकाणी खात्यात पैसे दिसतच नाहीत.

इथेरियम या दुसऱ्या साखळीत चित्र जरा निराळं आहे; तिचं नाणं म्हणजे ईथर. तिथे तुकडे नसतात, बँकेच्या खात्यासारखी एकच शिल्लक असते, त्यामुळे धुळीचा प्रश्न येत नाही. तिथे फी गॅस या मापाने मोजतात आणि दर ग्वेईत, म्हणजे ईथरच्या अब्जाव्या भागात, सांगतात. साधं हस्तांतर २१,००० गॅस खातं, दर २० ग्वेई असेल तर ०.०००४२ ईथर. पण फी ईथरमध्येच द्यावी लागते. वॉलेटमध्ये त्याच साखळीवरचे हजारो रुपयांचे यूएसडीटी (डॉलरशी भाव बांधलेलं टोकन) असून एक कणही ईथर नसेल तर ते हलत नाहीत. लोक याला मर्यादा समजतात. ती फीच आहे, फक्त दुसऱ्या नाण्यात मागितलेली. एक्सआरपी या आणखी एका नाण्यात उलट घोळ होतो. खातं चालू ठेवायला काही एक्सआरपी राखीव ठेवावे लागतात. आधी १० होते, डिसेंबर २०२४ मध्ये १ केले. ते कापले गेले असं वाटतं, पण ते तिथेच असतात, फक्त खर्चता येत नाहीत.

फरक नीट कळणं का महत्त्वाचं आहे ते सांगतो. फसवणारे नेमके याच घोळावर जगतात. "तुमचे सव्वा लाख अडकले आहेत, किमान रक्कम पूर्ण करायला पाच हजार टाका," किंवा "नेटवर्क फी आधी यूपीआयने भरा." खरी नेटवर्क फी वॉलेटमधल्या त्या साखळीच्या नाण्यातूनच जाते, व्यवहार होतानाच. ती कुणाच्या यूपीआयवर कधीच भरावी लागत नाही. आणि खऱ्या मर्यादेपाशी तुम्ही थांबलात तर पैसे तसेच राहतात, मुदत सांगून कोणी घाई करत नाही. असा फोन आला आणि पैसे गेलेच, तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा.

भारतात अशी नाणी विकताना कापला जाणारा एक टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कापलेला कर, हा तिसराच प्रकार. तो ना फी, ना मर्यादा. जुलै २०२२ पासून तो लागू आहे आणि विवरणपत्रात दाखवता येतो.

भाच्याला म्हटलं, अॅपमधले अठरा राहू दे, तिथे नवीन काही टाकू नकोस. वॉलेटमधले तुकडे मात्र गर्दी नसताना एकत्र कर. रविवारी पहाटे त्याचा मेसेज आला. दर बाइटला २ सातोशी चालला होता. वीस तुकडे त्याने स्वतःच्याच पत्त्यावर एकदम पाठवले होते. फी २,८०० सातोशी, आणि उरलेल्या १७,२०० चा आता एकच तुकडा.