जुन्या इंजिनाला किती दाट ऑईल हवे?

गाडी जुनी झाली की ऑईल दाट घालावे, हा सल्ला मेकॅनिकपासून नातेवाइकांपर्यंत सगळेच देतात. तो अर्धाच खरा आहे. गाडी जुनी असणे वेगळे आणि इंजिन झिजलेले असणे वेगळे. नीट जपलेल्या तीस वर्षांच्या इंजिनातली बेअरिंगे, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यांचे आधार, जवळपास नव्यासारखी असू शकतात, तर हेळसांड झालेले इंजिन काही वर्षांतच खिळखिळे होते. दाट ऑईलाची गरज झिजेमुळे निर्माण होते, वयामुळे नव्हे.

हे समजून घेण्यासाठी १८८३ सालचा एक प्रयोग उपयोगी आहे. इंग्लंडमध्ये बोशां टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर घर्षण मोजत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले, तेव्हा आस फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी वर येऊ लागले. बूच लावले, ते बाहेर ढकलले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही टिकली नाही. अखेर तिथे दाबमापक जोडला, तर दाब त्याच्या मोजपट्टीपलीकडे गेला. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचे गणित मांडले: फिरणारा दांडा आपल्या आणि बेअरिंगच्या मधल्या, निमुळत्या होत जाणाऱ्या फटीत स्वतःबरोबर तेल ओढून नेतो आणि तिथे निर्माण होणाऱ्या दाबावर तो अक्षरशः तरंगतो. चालू इंजिनातला क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, हाही असाच तरंगत असतो. ऑईल पंप त्याला उचलून धरत नाही, तो फक्त फटीपर्यंत ऑईल पोहोचवतो.

ही फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकीच असते. झिजेने ती रुंदावली की ऑईल कडेने लवकर निसटते, दाब घटतो आणि तेव्हा थोडे दाट ऑईल खरोखर उपयोगी पडते. फट मूळची तशीच असेल, तर मात्र त्याच दाट ऑईलाने प्रवाह कमी होतो, उष्णता वाढते, इंधन जास्त लागते आणि थंड इंजिन सुरू करताना वरच्या भागापर्यंत ऑईल पोहोचायला उशीर होतो. अशा वेळी दाबाचा काटा वर गेलेला दिसतो आणि मालकाला हायसे वाटते. पण काटा दाखवतो तो प्रवाहाला होणारा अडथळा. जास्त दाब म्हणजे जास्त ऑईल, हा समज चुकीचा आहे.

डब्यावरच्या ‘१०डब्ल्यू-४०’मधील ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा आहे. पहिला आकडा थंडीतले वर्तन सांगतो. १०डब्ल्यू ऑईलाची चाचणी उणे २५ अंश सेल्सिअसला होते. दुसरा आकडा १०० अंशांना ऑईल किती दाट राहते ते सांगतो, आणि झिजलेल्या इंजिनाच्या बाबतीत महत्त्वाचा आहे तो हाच. दोन आकड्यांमधले अंतर सहसा लांब साखळीच्या पॉलिमरने साधलेले असते. ऑईल तापले की या साखळ्या उलगडतात आणि पातळ होण्याला आवर घालतात, मात्र वापराने त्या तुटतात. ज्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ऑईलावर चालतात, उदाहरणार्थ ‘मिनी’ ही जुनी छोटी ब्रिटिश मोटार, तिथे गिअरचे दाते त्यांना फार लवकर चिरडतात.

निवड करताना सुरुवात गाडीच्या पुस्तिकेतील ग्रेडपासूनच करावी. मग इंजिन पूर्ण तापल्यावर, गाडी उभी ठेवून इंजिन संथ चालू असताना दाब किती आहे आणि हजार किलोमीटरमध्ये किती ऑईल वरून घालावे लागते, हे काही आठवडे लिहून ठेवावे. दाब पुस्तिकेतील किमान मर्यादेच्या खाली जात असेल किंवा ऑईलाचा खप वाढला असेल, तरच एक पायरी वर जावे. म्हणजे दुसरा आकडा ३० वरून ४०, थेट ५० नव्हे. त्याआधी धूर पाहावा. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच क्षणभर निळा धूर येत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हची सीले गेलेली असतात आणि ती बदलणे हाच खरा इलाज असतो.

जुन्या इंजिनांबाबत आणखी एक मुद्दा आहे आणि माझ्या मते तो दाटपणाइतकाच महत्त्वाचा आहे. अनेक जुन्या इंजिनांत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचा उंचवटा सपाट टॅपेटवर, म्हणजे ती हालचाल व्हॉल्व्हकडे पोहोचवणाऱ्या सपाट तोंडाच्या भागावर, घासत फिरतो. तिथे ऑईलाचा थर पुरेसा टिकत नाही. झिंक आणि फॉस्फरस असलेले एक रसायन धातूवर बलिदानी पापुद्रा तयार करते आणि स्वतः झिजून धातूला वाचवते. फॉस्फरस धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करतो, म्हणून अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) २००४ च्या ‘एसएम’ मानकात पातळ ग्रेडसाठी त्याची कमाल मर्यादा ०.०८ टक्के झाली. ४० किंवा ५० सारख्या दाट ग्रेडना ती मर्यादा लागू नव्हती. सपाट टॅपेटच्या गाडीसाठी म्हणूनच ऑईलाच्या माहितीपत्रकातला फॉस्फरसचा आकडा तपासावा; कन्व्हर्टर असलेल्या गाडीत मात्र तो मुद्दाम वाढवू नये.

सिंथेटिक ऑईलाने जुनी गाडी गळू लागते, ही भीती सुरुवातीच्या काही सिंथेटिक ऑईलांमुळे रुजली, कारण त्यांच्यामुळे रबरी सीले आकसत. आजच्या मिश्रणांत ती त्रुटी भरून काढलेली असते. तरीही साचलेल्या काजळीनेच एखादी फट बुजलेली असेल, तर चांगली साफसफाई करणारे ऑईल ती काजळी धुऊन काढते आणि दडलेली गळती उघडी पडते. इतिहास ठाऊक नसलेल्या इंजिनात म्हणून पहिली दोन ऑईले लवकर बदलावीत.

क्वचितच चालणाऱ्या गाडीत किलोमीटर मोजून भागत नाही. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही, आत साठलेले पाणी उडून जात नाही आणि ऑईल भरण्याच्या झाकणाखाली पिवळसर साय जमते. तिथे ऑईल वर्षातून एकदा बदलावे, आणि गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असेल तर उभी करण्याआधीच बदलावे, म्हणजे जुन्या ऑईलातील आम्ले महिनोन्महिने बेअरिंगना चिकटून राहत नाहीत.