वीज येते, नेटवर्क येत नाही

गोव्यात मे सरता सरता गडगडाटी पाऊस सुरू होतो, वीज चार वेळा जाते-येते, आणि वर्षभर निमूट चाललेला एखादा लिनक्स सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर नेटवर्कवर दिसेनासा होतो. म्हापशातलं वाचनालय असो की फोंड्यातल्या शाळेची कॉम्प्युटर लॅब, खापर विजेवर फुटतं. कधी ते खरंही असतं. जवळपास वीज पडली की लांबलचक केबलमधून दाब उसळतो आणि लॅनचा पोर्ट जळतो. पण पुष्कळदा कार्ड ठणठणीत असतं. बिघाड आधीचाच असतो. मशीन कधी बंदच झालं नव्हतं, म्हणून तो उघडा पडला नव्हता.

पहिला संशय नावावर घ्यावा. जुन्या लिनक्समध्ये नेटवर्क कार्डांना ईथ-झिरो, ईथ-वन अशी नावं मिळत, कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ती ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने. कार्ड एकच असेल तर काही बिघडत नाही. दोन असली, एक इंटरनेटकडे आणि एक लॅबकडे, की पंचाईत. कार्डं चालवणारे ड्रायव्हर एकाच वेळी कामाला लागतात, त्यामुळे आज आधी तयार झालेलं कार्ड उद्या मागे पडू शकतं. नावांची अदलाबदल झाली तर लॅबसाठी लिहिलेले फायरवॉलचे (नेटवर्कवरच्या पहाऱ्याचे) सैल नियम थेट इंटरनेटच्या तोंडावर लागतात. नेट बंद पडणं परवडलं, हे नको.

म्हणून २०१३ मध्ये आलेल्या सिस्टिमडीच्या (बूट होताना सगळ्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) १९७व्या आवृत्तीपासून त्यातला युडेव्ह, म्हणजे उपकरणं ओळखणारा भाग, कार्डाला त्याच्या जागेवरून नाव देऊ लागला. ‘ईएनपी३एस०’ म्हणजे ईथरनेटचं कार्ड, पीसीआय बस (मदरबोर्डवर कार्डं जोडणारी वाट) ३, स्लॉट ०. मदरबोर्डवरच बसवलेलं असेल तर ‘ईएनओ१’. मांद्रेकर, पेडणेकर, काणकोणकर या आडनावांसारखंच हे, मूळ गाव नावातच. फरक एवढाच की पेडणेकर मडगावात राहायला गेला तरी पेडणेकरच राहतो. कार्डाचं नाव जागेबरोबर बदलतं. त्यातही मेख अशी की कार्ड हलवावं लागतच नाही. शेजारी नवी एनव्हीएमई डिस्क किंवा ग्राफिक्स कार्ड बसवलं की बसचे क्रमांक सरकू शकतात आणि ‘ईएनपी३एस०’चं ‘ईएनपी४एस०’ होतं. सेटिंगची फाइल मात्र जुन्याच नावाची वाट पाहत बसते. जळलेल्या कार्डाच्या जागी नवं बसवताना स्लॉट बदलला, तरी तेच.

हे ओळखणं अवघड नाही. मशीनसमोर बसून ‘आयपी लिंक’ ही आज्ञा दिली की आजची नावं दिसतात. ती सेटिंगच्या फाइलमधल्या नावांशी ताडून पाहायची. कर्नलच्या नोंदींत ‘रिनेम्ड’ हा शब्द शोधला तर कोणत्या कार्डाचं नाव केव्हा बदललं तेही कळतं. कोणता पोर्ट कोणता, हा घोळ असेल तर ‘ईथटूल’ला ‘पी’ हा पर्याय द्या. बहुतेक कार्डांवरचा दिवा लुकलुकतो.

कायमचा उपाय म्हणजे कार्डाच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे त्याच्या हार्डवेअर क्रमांकावरून, आपणच नाव ठरवणं. त्यासाठी ‘डॉट लिंक’ची छोटी फाइल पुरते. नाव ‘लॅन०’, ‘वॅन०’ असं काहीतरी ठेवा. ईथ-झिरो नको, कारण ती नावं कर्नल स्वतः वाटतो आणि टक्कर होते. व्हीलॅन (एका कार्डावरचं आभासी नेटवर्क) आणि ब्रिज (नेटवर्क जोडणारा आभासी पूल) अनेकदा मूळ कार्डाचाच मॅक पत्ता घेतात, म्हणून शक्यतो कायमस्वरूपी मॅक पत्त्याची अट घालावी. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते. लिनक्सच्या काही वितरणांत या फाइलची प्रत इनिटरॅमएफएसमध्येही, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या छोट्या फाइल-गठ्ठ्यातही, असते. ती नव्याने बांधली नाही तर बूट होताना जुनाच नियम लागू होतो आणि माणूस डोकं खाजवत बसतो.

नाव बरोबर असूनही सेटिंग टिकत नसेल, तर प्रश्न क्रमाचा. सिसकंट्रोलच्या, म्हणजे कर्नलच्या वागण्याच्या, सेटिंग बूटच्या अगदी सुरुवातीला लागू होतात. जी गोष्ट तेव्हा जन्मालाच आलेली नाही, तिची सेटिंग वाया जाते. कार्ड उशिरा उगवलं तर युडेव्ह त्याच्या सेटिंग पुन्हा लावतो, एवढी काळजी घेतलेली आहे. ब्रिजवरच्या फायरवॉलला ती सोय नाही. कर्नल ३.१८ पासून तिचं मॉड्यूल (कर्नलला गरजेनुसार जोडायचा तुकडा) वेगळं झालं; ते लोड होईपर्यंत त्या सेटिंगच अस्तित्वात नसतात. लॉगिन करून हाताने आज्ञा दिली की सगळं चालतं, बूटनंतर मात्र नाही, याचं हे ठरलेलं कारण. मॉड्यूल-लोडच्या यादीत त्याचं नाव घातलं की काम होतं, कारण ती यादी सिसकंट्रोलच्या आधी वाचली जाते.

फाइलींच्या क्रमातही एक खोच आहे. सिसकंट्रोलच्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि एकच सेटिंग दोनदा आली तर शेवटची जिंकते. ‘डॉट लिंक’मध्ये उलट, जुळणारी पहिली फाइल जिंकते आणि पुढच्या पाहिल्याच जात नाहीत. एकाच प्रकल्पातल्या लोकांनी असं का करावं, देव जाणे. पण म्हणूनच नावाच्या फाइलीला १० ने सुरुवात करायची आणि सिसकंट्रोलच्या फाइलीला ९९ ने.

उरतो पावसाळ्यातला खास प्रकार. वीज आली की सर्व्हर झटकन उठतो, पण फायबरचा मॉडेम अजून जागा होत असतो. डीएचसीपीकडून, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, पत्ता मिळालेला नसतो. ‘नेटवर्क टार्गेट’ या बूटच्या टप्प्यानंतर सुरू हो असं सेवेला सांगितलेलं असलं तरी त्याचा अर्थ फक्त ‘नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम सुरू झाला’ एवढाच. पत्ता मिळाला असा नव्हे. त्यासाठी ‘नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट’ वेगळं आहे. त्यालाही मर्यादा आहे: सिस्टिमडी-नेटवर्कडी वापरत असाल तर ते साधारण १२० सेकंद थांबतं आणि मग नाद सोडतं. नाव बदललेल्या कार्डाची वाट पाहत बूट दोन मिनिटं अडकतो, तोही यानेच. मला विचाराल तर ही वाट पाहायला लावण्यापेक्षा सेवा एका ठरावीक पत्त्याला न बांधता सगळ्या पत्त्यांवर ऐकती ठेवावी आणि कोणाला आत घ्यायचं ते फायरवॉलवर सोपवावं. मग मॉडेम पाच मिनिटांनी उठला तरी कोणाला मशीनकडे धावावं लागत नाही.